नहरींच्या शहरीं मुक्काम

‘हॉटेल’ हा शब्द आमच्या येलदरीस किंवा जिंतुरास उच्चारला असतां ऐकणाराच्या डोळ्यांपुढें एस. टी. स्थानकाजवळील भज्यांची कढई आणि कपबश्यांचा खणखणाट उभा राहतो. रात्रीं पाठ टेकण्याच्या जागेस येथें लॉज म्हणतात. आणि गांवांत सोयरेधायरे असतांना लॉजांत उतरणें हा कालपरवांपर्यंत सोयऱ्यांचा अपमान समजला जात असे. यात्रा असो, दवाखाना असो, लग्नकार्य असो, परगांवीं कोणाचें तरी घर असावयाचेंच. आतां घरें लहान झालीं, सोयऱ्यांच्या सुनाही नोकरीस जाऊं लागल्या, आणि ‘आम्ही अमुक दिवशीं अकरा माणसें येत आहों’ एवढें कळवून मोकळें होण्याचे दिवस सरले. तेव्हां पैसे देऊन राहण्याची जागा निवडणें ही एक नवी विद्या मोठ्या कुटुंबांस शिकावी लागत आहे. ती कोणत्याही शाळेंत शिकवीत नाहींत. मुलें फोनवर चित्रें पाहून जागा ठरवितात, आणि वडील मंडळी तेथें जाऊन न्हाणीघरांत घसरतात.

हा विषय आज काढण्याचें कारण असें, कीं आमच्या ओळखीच्या एका कुटुंबांत याच प्रश्नावरून दोन महिने बोलाचाली चालली होती. तिघे भाऊ आमच्या हाताखालून शिकून गेलेले, म्हणून निवाडा आमच्याकडे आला. थोरले वकिली करतात. मधले गांवीं शेत पाहतात व आई त्यांच्यापाशीं असते. धाकटे हॉलंडांत आम्स्टरडॅम शहराजवळ नोकरीस आहेत. आईंचें वय एकोणऐंशी. त्यांची इच्छा एवढीच, कीं एकदां सर्वांनीं मिळून घृष्णेश्वराचें दर्शन घ्यावें व वेरूळचें कैलास लेणें पाहावें. धाकटे हिवाळ्यांत सहकुटुंब येणार होते. त्यांनीं तिकडूनच लिहिलें, कीं दोन रात्री शहरांतील उत्तमांत उत्तम हॉटेलांत राहूं. आईला जन्मांत एकदां तरी राजवाड्यांत राहिल्यासारखें वाटूं द्या. खर्चाची काळजी कोणीं करूं नये. थोरल्यांचें म्हणणें, देवदर्शनास जावयाचें तर भक्तनिवासांत उतरावें, गाद्यागिरद्यांवर पैसा उधळूं नये. मधले कांहींच बोलत नव्हते.

शहर म्हणजे आमच्या पिढीनें औरंगाबाद या नांवानें ओळखलेलें, सन २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालेलें. आम्हीं दोघांही भावांस प्रथम एवढेंच सांगितलें, कीं ज्या गांवीं उतरावयाचें तें गांव कसलें आहे हें आधीं जाणावें, छप्पर मागाहून निवडावें.

धाकट्यांस कालव्यांच्या शहराचा परिचय आहेच. आम्स्टरडॅमचें प्रसिद्ध कालवेमंडळ सन १६१३ पासून खणलें जाऊं लागलें. हेरेनग्राख्त, कैझरग्राख्त व प्रिन्सेनग्राख्त हे त्यांतील मुख्य कालवे, आणि सन २०१० मध्यें युनेस्कोनें त्यांची गणना जागतिक वारशांत केली. त्यांच्या कांठचीं व्यापाऱ्यांचीं घरें उंच आणि अरुंद. दर्शनी रुंदीवर कर बसे म्हणून तीं अशीं बांधलीं, असें सांगतात. जिने शिडीसारखे उभे. सामान त्या जिन्यांनीं चढत नाहीं, म्हणून घराच्या माथ्यावर तुळई पुढें काढून तिला आंकडा लावलेला असतो, आणि पेट्या-कपाटें दोरानें वर ओढून खिडकींतून आंत घ्यावयाचीं. अशा पुष्कळ घरांचीं आतां हॉटेलें झालीं आहेत. जुनीं पंचवीस घरें एकास एक जोडून केलेलें पुलित्झर नांवाचें हॉटेल त्यांत विशेष नांवाजलेलें. कालव्याकडे खिडकी असेल तर भाडें अधिक, मागील अंगणाकडे असेल तर कमी. लहान हॉटेलांत लिफ्ट नसणें ही तेथें नवलाची गोष्ट नव्हे. धाकट्यांचे सासूसासरे तिकडे गेले असतां हौसेनें एक रात्र अशा घरांत राहिले. सासूबाईंनीं तिसऱ्या मजल्याच्या जिन्यांत मध्येंच बसून घेतलें. खोलींतून कालवा फार सुंदर दिसत होता म्हणतात, परंतु तो पाहण्यास त्या सकाळपर्यंत अंथरुणांतून उठल्या नाहींत.

आतां आपलें शहर पाहा. ज्या दशकांत डच लोक आपले कालवे खणीत होते, त्याच दशकांत निजामशाहीचा वजीर मलिक अंबर खडकी गांवीं पाणी आणीत होता. हा मूळचा हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि स्वतःच्या कर्तृत्वानें एका राज्याचा कारभारी झालेला. सन १६१० मध्यें त्यानें खडकीस राजधानी वसविली, १६१२ मध्यें भडकल दरवाजा उभारला, आणि १६१७ च्या सुमारास उत्तरेकडील डोंगरांतून शहरांत पाणी आणणारी नहर-ए-अंबरी सिद्ध केली. पुढें १६५३ मध्यें औरंगजेबानें शहरास आपलें नांव दिलें. नांवें बदललीं, पाणी मलिक अंबराच्याच वाटेनें येत राहिलें.

डच कालवा उघडा, आपली नहर झांकलेली. तेथें पाणथळ भूमींतील पाणी आवरण्यासाठीं व होड्या नेण्यासाठीं खणावें लागलें. येथें कोरड्या भूमींत पिण्याचें पाणी आणण्यासाठीं. नहर म्हणजे जमिनीखालून चुन्यांत बांधून काढलेला पाट. तिला मोट नाहीं, रहाट नाहीं. डोंगराकडून शहराकडे जो बेताचा उतार आहे त्याच्याच बळावर पाणी चालत येतें. पाणी आपली पातळी शोधतें हा जो धडा आम्ही मुलांस वाकड्या कांचेच्या नळींत दाखवीत असूं, तो या लोकांनीं सबंध शहरास लागू केला. पुढील काळांत आणखीही नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांतलीच, अठराव्या शतकांतील. कांहीं नहरींवर आज घरें-रस्ते झाले, कोठें नळ फुटले, कोठें गाळ भरला. तरी पाणचक्कीवर पाणी पडतांना अजून पाहावयास मिळतें.

म्हणून धाकट्यांस आम्हीं कळविलें, “बाबा रे, येथें कालव्याकडची खिडकी मागूं नकोस. कालवा तुझ्या पायांखालीं आहे.”

पाणचक्कीचा येथें थोडा विस्तार करतों, कारण उतरण्याची जागा कशी असावी याचा तो आम्हांस उत्तम नमुना वाटतो. बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्याच्या आवारांत ती आहे. नहरीचें पाणी नळांतून एका उंच भिंतींत चढतें, तेथून खालच्या हौदांत कोसळतें, आणि त्याच पाण्यावर जात्याचें चाक फिरे. त्या जात्यावर यात्रेकरूंचें व फकिरांचें धान्य दळलें जात असे. हौदाच्या तळाखालीं खांबांवर उभें केलेलें एक प्रशस्त दालन आहे. वरतीं पाणी, खालीं माणसें. भर उन्हाळ्यांत वाटसरूंस तेथें गारवा मिळे. यंत्र नाहीं, वीज नाहीं, दारांत हुजऱ्या नाहीं. पण थकून आलेल्यास जें पाहिजे तें, म्हणजे पीठ, पाणी, सावली, एका छपराखालीं मिळत होतें. संस्कृतांत ‘नागर’ म्हणजे नगरांतला, आणि त्यावरूनच सुसंस्कृत, डौलदार. आजचीं मुलें ज्यास स्टायलिश म्हणतात त्यास आमच्या मतें हा शब्द पुरा पडतो. अकराव्या शतकांत काश्मीरच्या क्षेमेंद्रानें औचित्य हाच काव्याचा प्राण ठरविला. हॉटेलाच्या बाबतींत आम्ही याहून निराळें कांहीं म्हणत नाहीं. पाणचक्कीचें दालन नागर आहे. छतास सोनेरी रंग लावलेली दिवाणखान्याची नक्कल नागर नाहीं.

त्या शहरीं उतरणाऱ्यानें पहिली चौकशी पाण्याची करावी, हें आमचें मत यावरूनच बनलें. नहरीचें पाणी उतारानें येई. आजच्या अवाढव्य वस्तीस पैठणजवळील जायकवाडीच्या जलाशयांतून पंपांनीं चढवून पाणी आणावें लागतें. अलीकडच्या वर्षांत तेथील पुष्कळ वस्त्यांत नळास आठवड्यानें, उन्हाळ्यांत त्याहूनही उशिरां पाणी आलेलें आहे. आम्हां येलदरीकरांस हें परकें वाटत नाहीं. येथील धरण पूर्णेवर, सन १९६८ मध्यें पुरें झालेलें. त्याच्या वीजगृहाची शक्ति साडेबावीस मेगावॉट. पूर्णा उगम पावते त्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील अजिंठ्याच्या डोंगरांत, म्हणजे त्यांच्याकडील पाऊस आमच्या जलाशयांत येतो. तो किती उतरला याची चर्चा येथें किराणा दुकानांतही चालते. धरणाच्या पायथ्याशीं राहणारा माणूस वाहता नळ पाहून तो कोणाच्या वांट्याचा, हें मनांत विचारल्यावांचून राहत नाहीं.

शहरांत मोठीं नांवें आहेत. रौझा बागेंत विवांता, जालना रस्त्यावर रामा इंटरनॅशनल, स्टेशन रस्त्यावर पर्यटन महामंडळाचें निवासस्थान, हीं बहुतेकांस ठाऊक असतात. परंतु आम्ही व थोरले ज्या तीन जागा पाहून आलों त्यांचीं नांवें येथें देत नाहीं, कारण आम्हांस जाहिरातही करावयाची नाहीं व फिर्यादही.

पहिली जागा धाकट्यांनीं चित्रें पाहून पसंत केलेली. दारांतून आंत जातांच फरशींत एक कृत्रिम कालवा केलेला, त्यांत निळे दिवे व प्लास्टिकचीं कमळें. नहरींच्या शहरांत ही! आम्हीं मॅनेजरांस विचारलें, पाणी कोठून येतें?

“सर, ट्वेंटी फोर अवर्स आहे.”

“किती तास तें नव्हे, कोठून?”

तेव्हां कळलें, कीं रोज टँकर येतात. खोली पाहिली. न्हाणीघर व शय्यागृह यांच्यामध्यें आरपार दिसणारी कांच. ही नवी तऱ्हा आहे असें सांगण्यांत आलें. थोरले पंचवीस वर्षें वकिली करीत आहेत, परंतु त्या कांचेपुढें त्यांस एक शब्द सुचला नाहीं. आंतील फरशी आरशासारखी गुळगुळीत, धरावयास कठडा नाहीं. खोलीस रात्रीं नऊ हजार, कर वेगळा.

दुसरी जागा थोरल्यांच्या मनांतील. स्वच्छ, सात्त्विक, भाडें नांवापुरतें. पण मिळत होत्या त्या खोल्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाहीं, आणि शौचकूप व्हरांड्याच्या टोकास. एकोणऐंशी वर्षांच्या गुडघ्यांनीं रात्रीं तो पल्ला कसा गांठावा? थोरल्यांनीं जिना मोजला. प्रत्येक मजल्यास बावीस पायऱ्या. खालीं येईपर्यंत त्यांचाही आग्रह मावळला होता.

तिसरी जागा जुनी, बैठी. कडुनिंबाच्या दोन झाडांमागें तळमजल्यावर ओळीनें खोल्या, पुढें पडवी, पडवींत वेताच्या खुर्च्या. शहाबादी फरशी, पाय न घसरणारी. न्हाणींत कठडा, खुर्चीसारखें बसण्याचें शौचकूप, ऊन पाणी सकाळीं नऊपर्यंत. पाणी आवारांतील विहिरीचें, आणि गच्चीवरचें पावसाचें पाणी त्याच विहिरींत सोडलेलें. हें तेथील वृद्ध व्यवस्थापकांनीं न विचारतां, कौतुकानें दाखविलें. स्वयंपाक शाकाहारी, एकादशीस साबुदाणा व भगर मिळेल असा शब्द. जेवणघरांत अकरा पानें एका पंक्तीस बसतील एवढें टेबल. चादरी विरलेल्या पण परीटघडीच्या. खोलीस रात्रीं साडेतीन हजार. आम्ही तर पडवींत बसलों तेथून उठावयास नाखूष होतों.

येथवर गोष्ट सोपी होती. खरी अडचण खोल्यांची नव्हतीच.

अकरा माणसांस चार खोल्या, दोन रात्री. पहिल्या जागीं बहात्तर हजार, तिघांत वांटले तर प्रत्येकीं चोवीस. तिसऱ्या जागीं अठ्ठावीस हजार, प्रत्येकीं सवानऊ हजारांहून थोडे अधिक. धाकट्यांचें म्हणणें वांटावयाचेंच नाहीं, सगळे तेच देणार. यांत त्यांचा मोठेपणा मिरविण्याचा लेशही हेतु नव्हता. मुलगा मनाचा निर्मळ आहे. पण आम्ही त्यांच्या गांवीं घरीं गेलों तेव्हां मधल्यांच्या पत्नी चहा ठेवून जातां जातां थांबल्या. वीस वर्षें सासूचें औषधपाणी त्यांच्याकडे आहे. त्या म्हणाल्या, “गुरुजी, भाऊजी सगळं देतील, त्यांचं मन मोठं आहे. पण मग तिथं आम्ही घरचे की पाहुणे?”

मधले खालीं पाहत होते. त्या वर्षीं सोयाबीनचें काय झालें तें आम्हांस ठाऊक होतें.

आई आंतल्या खोलींतून सर्व ऐकत असाव्यात. त्यांनीं हांक मारली. आम्ही आंत गेलों. त्यांनीं राजवाड्याविषयीं विचारलें नाहीं, जिन्याविषयीं विचारलें नाहीं. एवढेंच विचारलें, “गुरुजी, मधल्याला किती पडतील?” आम्हीं दोन्ही आंकडे सांगितले. “नऊ हजार तो देईल,” त्या म्हणाल्या, “चोवीस मागाल तर कर्ज काढील, आणि मला कळूं देणार नाहीं.”

त्यावर आमचा निर्णय झाला. एकत्र कुटुंबानें मिळून राहावयाच्या जागेचें भाडें, सर्वांत हलकी पिशवी असलेल्या भावास कर्ज न काढतां आपला वांटा देतां येईल, त्याच्या वर असूं नये. ऐपतदार भावानें आईला सुख देऊंच नये काय, असा प्रश्न धाकट्यांनीं फोनवर केला, आणि त्यांचा स्वर जड झाला होता. “गुरुजी, मी इतक्या दूर. दुसरं काय करूं शकतो मी तिच्यासाठी?” प्रश्न खोटा नाहीं. परदेशीं गेलेल्या मुलांच्या हातीं देण्यासारखें बहुधा पैसेच उरतात, आणि तेच घेण्यास घरचे कचरतात. हें दुःख आज कितीतरी घरांत आहे. आम्हीं सांगितलें, गाडी तुझी. जिंतूर, मंठा, जालना या रस्त्यानें आईस आडवें होतां येईल अशी ऐसपैस गाडी गांवापासून गांवापर्यंत तूं कर. तो खर्च कोणाच्या डोळ्यांत सलत नाहीं, कारण गाडींत सगळेच बसतात. आणि हॉटेलांत दोनच रात्री राहून उरलेली रजा मुंबईस न घालवितां गांवीं घालव. त्यांनीं तिकिटें बदललीं. थोरल्यांनीं जेवणखाण आपल्याकडे घेतलें. मधल्यांच्या घरून दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी निघाली, आणि वाटेंत मंठ्यापुढें झाडाखालीं प्रथम तीच संपली.

ज्यांस अशीच सहल करावयाची त्यांच्यासाठीं थोडें व्यवहाराचें. वेरूळचीं लेणीं मंगळवारीं बंद असतात, अजिंठ्याचीं सोमवारीं; बुकिंग करण्यापूर्वीं पंचांगाबरोबर हेंही पाहावें. वेरूळ शहरापासून सुमारें तीस किलोमीटर, अजिंठा सुमारें शंभर; वृद्ध माणूस बरोबर असल्यास दोन्ही एका खेपेस करूं नयेत. अजिंठ्यास चढ आहे. वेरुळास कैलासाच्या प्रांगणापर्यंत म्हाताऱ्या माणसासही सावकाश जातां येतें, आणि एकाच खडकांतून कोरलेलें तें आठव्या शतकांतील राष्ट्रकूटांचें मंदिर खालीं उभें राहूनच खरें कळतें. खोली सोडण्याची वेळ बारा वाजतां कीं चोवीस तासांनीं, तें आधीं विचारावें. जादा गादीचे पैसे किती व कर धरून कीं सोडून, हें लेखी घ्यावें. तळमजला म्हणजे खरोखर तळमजला काय, कीं पांच पायऱ्या चढून जावयाचा, हें तर जाऊनच पाहावें. चित्रांत पायऱ्या दिसत नाहींत.

मंडळी बुधवारीं गेलीं व शुक्रवारीं परत आलीं. दर्शन झालें, कैलास झालें, परततांना पाणचक्कीवर तासभर बसणें झालें. पडवींतल्या खुर्च्यांवर रात्रीं अकरापर्यंत गप्पा चालल्या असें थोरल्यांनीं तक्रारीच्या सुरांत सांगितलें. धाकट्यांच्या मुलीनें आजीजवळचीच खाट धरली. पुढील वर्षीं नाशिक-त्र्यंबकेश्वराचा बेत आहे. जागा पाहण्याचें व दर ठरविण्याचें काम या खेपेस मधल्यांकडे दिलें असून त्यांनीं आतांपासून एक वही घातली आहे.